बारा तारखेला पाऊस आहे म्हणे, पेरू का?

वाचकाचं पत्र: "औसा तालुक्यात आमची अकरा एकर काळी जमीन आहे, सगळी कोरडवाहू. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या एका हवामान अभ्यासकाचं ऐकून मृगात सोयाबीन पेरलं. नंतर सोळा दिवस पावसानं तोंड दाखवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली. वडील पंचांगातलं वाहन बघतात, भेंडवळचं भाकीत ऐकतात. चुलते म्हणतात, हवामान खातं जे सांगेल त्याच्या उलटं समजायचं. यंदा एकजण १२ ते १५ जून 'सर्वदूर पाऊस' सांगतोय, खात्याच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी' लिहिलंय. विश्वास कोणावर ठेवायचा? आणि पावसाचं भाकीत मुळात करता तरी येतं का?"

उत्तर:

१२ तारखेच्या भरवशावर पेरू नका. त्या दिवशी पाऊस पडणार नाही, असं आम्ही म्हणत नाही. पडेलही. पण पेरलेलं बी उगवतं ते जमिनीत आधीच मुरलेल्या ओलीवर, आणि तगतं ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय होतं त्यावर. झालेला पाऊस मोजता येतो. पुढच्या चार-पाच दिवसांचं बऱ्यापैकी सांगता येतं. त्यापलीकडचं फक्त 'इतकी शक्यता' या भाषेत सांगता येतं. दोन वर्षांपूर्वी तुमची चूक झाली ती माणूस निवडण्यात नाही, हे तिन्ही एकच समजण्यात झाली.

करता येतं का, ते आधी बघू. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं एक छोटंसं गणित चालवत होते. एकदा चालवलेलं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा भरला. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होता, कागदावर ०.५०६. फरक चार हजारांत एक भाग. थोडा वेळ दोन्ही उत्तरं जोडीनं चालली, मग हळूहळू फाकली, आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. गणितात चूक नव्हती, यंत्रही नीट होतं. वातावरणाचा स्वभावच असा आहे की सुरुवातीच्या मोजणीतली बारीक चूक दर काही दिवसांनी दुप्पट होत जाते. आजचं हवामान जगभर कुठेही शंभर टक्के अचूक मोजलेलं नसतं. समुद्रावर, वाळवंटात, ढगांच्या आत मोकळ्या जागा राहतातच. म्हणून अमुक दिवशी अमुक गावात पाऊस, असं सांगण्याची हद्द साधारण दोन आठवड्यांवर संपते, संगणक कितीही मोठा आणला तरी. आपल्याकडच्या पावसाळी ढगांच्या बाबतीत ती त्याहून बरीच अलीकडे येते.

याचं कारण ढगाच्या आकारात आहे. गडगडाटी पावसाचा एक ढग काही किलोमीटरचा असतो आणि तासाभरात विरतो. खात्याचं जागतिक मॉडेल, म्हणजे संगणकावरचं हवामानाचं गणित, पृथ्वीचे १२ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून हिशेब करतं. अशा एका चौकोनात सुमारे ३५ हजार एकर मावतात, म्हणजे तुमच्या शेतासारखी तीन हजारांहून जास्त शेतं, आणि सगळ्यांना मिळून पावसाचा आकडा एक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली नवी भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. तरी एका चौकोनात तुमच्याएवढी आठशे शेतं राहतातच. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे मॉडेलला दिसणारच नाही.

मग शास्त्रज्ञ काय करतात? सुरुवातीचे आकडे जाणूनबुजून किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. हवामान खातं २०१८ पासून असे २१ वेगवेगळे हिशेब एकत्र चालवतं. त्यातल्या १५ हिशेबांत लातूर पट्ट्यात पाऊस दिसला तर शक्यता साधारण ७० टक्के. पहिल्या तीन दिवसांत बहुतेक हिशेब एकमेकांना धरून असतात. सातव्या-आठव्या दिवशी ते केरसुणीच्या काड्यांसारखे पसरतात. आता विचार करा: २ जूनला बसून कोणी '१४ जूनला सर्वदूर' सांगतो, तेव्हा त्यानं त्या पसाऱ्यातली एकच काडी उचललेली असते. बहुतेकदा फुकट मिळणाऱ्या परदेशी मॉडेलचा एक रंगीत नकाशा. दोन दिवसांनी तोच नकाशा बदलतो, तेव्हा व्हिडिओही नवा येतो.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यासाठी खातं दर गुरुवारी विस्तारित अंदाज देतं. त्यात दिवस नसतो, 'या आठवड्यात सरासरीपेक्षा जास्त की कमी' एवढंच असतं. त्याला आधार असतो तो पावसाच्या जोर-विश्रांतीच्या संथ लाटांचा. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारी एक लाट ३० ते ६० दिवसांत फेरी पुरी करते, ती कुठे पोहोचली यावरून पुढे खंड पडेल का, याचा सुगावा लागतो. पेरणीसाठी तुम्हाला सगळ्यात उपयोगी हाच अंदाज आहे, आणि गावात तो कोणी उघडूनही बघत नाही. वडिलांना दाखवा.

हंगामाचा अंदाज हा आणखी वेगळा प्रकार. वीस दिवसांनंतरचा मंगळवार सांगता येत नाही तर चार महिने कसे सांगतात, असं कोणीही विचारेल. उत्तर समुद्रात आहे. हवा चंचल असते, पण प्रशांत महासागराचं पाणी तापलं तर महिनोन् महिने तापलेलंच राहतं. एल निनो म्हणतात तो हाच. तो पाऊस ठरवत नाही, पारडं कमी पावसाकडे कलवतो. १९९७ साली शतकातल्या सर्वात बलवान एल निनोंपैकी एक होता आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. एप्रिलमधले अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी ठेवून बघा: २००९ मध्ये अंदाज ९६ टक्के, पडला ७८. २०१४ मध्ये ९५, पडला ८८. २०१५ मध्ये ९३, पडला ८६. २०१९ मध्ये ९६, पडला ११०. २०२३ मध्ये ९६, पडला ९४. २०२४ मध्ये १०६, पडला १०८. २०२५ मध्ये १०५, पडला १०८. अलीकडची तीन वर्षं चांगली जमली आहेत, पण तीन वर्षांवरून निष्कर्ष काढायची घाई आम्ही करणार नाही. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं हंगामाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात होतं. पुढची चौदा वर्षं देशपातळीवर मान्सूनचा दुष्काळ पडलाच नाही, त्यामुळे 'सामान्य' हा अंदाज बरोबर येत राहिला. २००२ साली अंदाज होता १०१ टक्के, पडला ८१. अवघड परीक्षा आली तीच पहिली, आणि तिथेच ते अडलं.

शिवाय हा आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. ८७ सेंटिमीटर ही देशाची सरासरी. २०२३ चा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला खरा, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तूट. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यातल्या आणि शेंगा धरणाऱ्या सोयाबीनचं काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिलच्या अंदाजावरून धरणाचं नियोजन होतं, धान्याच्या साठ्याचं होतं. पेरणीची तारीख त्यावरून ठरत नाही.

आता 'सर्वदूर' आणि 'तुरळक' यांचं भांडण. खात्याच्या पत्रकातले शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी पर्जन्यमापकांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत, त्यावर 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस झाला असं धरायला किमान अडीच मिमी लागतो, आणि अडीच मिमीनं तुमच्या काळ्या जमिनीची धूळ फक्त बसते. लातूर जिल्हा सात हजार चौरस किलोमीटरचा आहे. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं लिहिलेलं असताना रेणापुरात ८० मिमी पडला आणि औशात ऊन तापलं, तर अंदाज बरोबर आलेला असतो. चुलत्यांच्या लेखी मात्र तो चुकलेला असतो. पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांचंही तसंच: ते नुकसानीच्या धोक्यासाठी असतात, पेरणीयोग्य पावसाची हमी म्हणून नाहीत.

चुलत्यांचं 'उलटं समजायचं' तपासायला सोपं आहे. जो नेहमी चुकतो तो नेहमी बरोबर येणाऱ्याइतकाच कामाचा, त्याचं ऐकून उलटं करायचं की झालं. असा माणूस सापडत नाही, हीच अडचण आहे. खात्याचा अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो. प्रश्न किती वेळा आणि कशाच्या तुलनेत, हा आहे.

वडिलांच्या पंचांगाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग ७-८ जूनला आणि आर्द्रा २१-२२ जूनला येते. कोणत्या नक्षत्रात काय पेरावं याच्या म्हणी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची सरासरी, आणि सरासरी ही टाकाऊ गोष्ट नव्हे. (नक्षत्रांच्या तारखा दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. शिवकाळापासून आजवर त्या पाच दिवस सरकल्या, म्हणींनी मात्र जागा सोडलेली नाही.) वाहनाचं तसं नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल तो बेडूक, म्हैस किंवा कोल्हा. ही बाकी आंबोलीला आणि म्हसवडला एकच येते. एकीकडे वर्षाला सात हजार मिमीच्या आसपास पाऊस, दुसरीकडे पाचशेच्या आत-बाहेर. बेडूक दोन्हीकडे सारखाच.

भेंडवळची घटमांडणी ही जळगाव जामोद तालुक्यातली जुनी परंपरा. अक्षय तृतीयेला घटाभोवती अठरा धान्यं मांडायची, चार महिन्यांची चार ढेकळं ठेवायची आणि दुसऱ्या पहाटे जे सरकलं, भिजलं त्यावरून सांगायचं. वडिलांनी ती मानावी की नाही, यात आम्ही पडत नाही. पण 'जून कमी, जुलै साधारण' यात गाव नाही, मिमी नाही. जे चुकलं असं कधी म्हणताच येत नाही, ते बरोबर आलं असंही म्हणता येत नाही.

तेव्हा विश्वास कोणावर, याचं उत्तर आमच्याकडून घेऊ नका. वही घाला. पाच रकाने: अंदाज कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला, कोणत्या दिवसासाठी, किती टक्के, प्रत्यक्षात काय झालं. अंदाज आधी लिहायचा, पाऊस पडल्यावर आठवून नाही. टक्के न सांगणाऱ्याला 'नक्की'चे शंभर धरा. प्रत्यक्ष पावसासाठी कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा आकडा मिळतो. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठचा असतो. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात दिसतो, आणि निम्मी भांडणं इथेच होतात.

गुण असे द्या: टक्के दशांश चिन्हात मांडा (८० टक्के म्हणजे ०.८), पाऊस झाला तर १, नाही तर ०, दोन्हींतला फरक काढून त्याचा वर्ग करा आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढा. आकडा जितका कमी तितका माणूस चांगला. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडलेली ही रीत आजही जगभर वापरतात. समजा दहा दिवसांपैकी सहा दिवस पाऊस झाला. रोज 'शंभर टक्के पडणार' म्हणणाऱ्याचा आकडा ०.४०. रोज डोळे मिटून ६० टक्के म्हणणाऱ्याचा ०.२४. आणि ज्यानं सहा दिवस ८० टक्के सांगितलं (त्यातले पाच भिजले) व चार दिवस ३० टक्के (त्यातला एक भिजला), त्याचा ०.१६. छातीठोक बोलणारा सरासरीपुढेही हरतो.

सरासरीशी तुलना मात्र सोडू नका. १८८४ साली अमेरिकेच्या लष्कराच्या हवामान विभागातल्या जॉन फिन्ले यांनी टोर्नेडोचे, म्हणजे सोंडेसारख्या भोवऱ्याच्या वादळांचे, २,८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आले म्हणून जाहीर केलं. टीकाकारांनी हिशेब केला, तेव्हा रोज 'वादळ नाही' एवढंच म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते. जुलैत कोकणात 'पाऊस पडेल' म्हणणाऱ्याची कथा हीच. तुमच्याकडची कसोटी जूनमध्ये लागते, आणि त्यातही खंडाच्या अंदाजात.

आता पेरणीचं. मंडळाचा आकडा असला तरी शेतात स्वतःचा मापक ठेवा, कारण मंडळाचं यंत्र दहा किलोमीटरवर असू शकतं. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तोंड आणि बुड एकाच व्यासाचं हवं. बुडाचा वाकडातिकडा भाग खडे आणि पाण्यानं भरून तिथे शून्याची खूण करा. बहुतेकजण हे विसरतात, मग पहिले पाच-सात मिमी चुकतात. झाडापासून किंवा गोठ्यापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर ठेवा आणि रोज साडेआठला वाचून रिकामी करा.

बेरीज ७५ ते १०० मिमीवर जाईपर्यंत तिफण बाहेर काढू नका. ही बेरीज चार-सहा दिवसांत झालेली हवी. मे महिन्यातल्या वळिवाचे मिमी त्यात धरू नका, ते उन्हानं उडून गेलेले असतात. वीतभर खोल खणा, मुठीत माती दाबा. लाडू वळला, पण हाताला चिखल लागला नाही, तर वाफसा आहे. 'मान्सून पोहोचला' ही बातमी याच्या जागी चालत नाही. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत आला, उपलब्ध नोंदींत इतक्या लवकर मुंबईत तो आला नव्हता. मग मे संपता संपता तो अडला आणि जूनच्या मध्यापर्यंत जागचा हलला नाही.

ओल पुरी झाली की अंदाज बघा, तोही दोन बाजूंनी. पुढच्या दोन-तीन दिवसांत मुसळधारेचा, म्हणजे ६४.५ मिमीच्या वरचा इशारा असेल तर थांबा; जमिनीला पपडी धरते, बी कुजतं. मग गुरुवारच्या विस्तारित अंदाजात पुढचे दोन आठवडे बघा. खंडाची शक्यता किती असेल तर थांबायचं, हे तुमच्याच पैशांवरून ठरतं. समजा दुबार पेरणीत एकरी ६,००० रुपये जातात आणि आठवडाभर उशीर झाल्यानं उत्पन्नात १,५०० रुपयांची घट येते. १,५०० भागिले ६,००० म्हणजे २५ टक्के. खंडाची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त वाटली तर थांबणं स्वस्त. आकडे तुमच्या वहीतले घाला. जुलै उजाडला की उशिराचं नुकसान वाढतं, रेषा वर सरकते, आणि १० जुलैला ४० टक्क्यांचा धोकाही पत्करावा लागतो. १५ जुलैनंतर सोयाबीनचा हट्ट सोडलेला बरा.

एवढं करूनही दर काही वर्षांनी फसणार. म्हणून अकरा एकर एका दिवशी पेरू नका. सहा आज, पाच आठवड्यानं. त्यात तुरीच्या ओळी ठेवा. शक्य असेल तिथे रुंद वरंबा-सरीवर पेरा, खंडात ओल टिकते आणि जोराच्या पावसात पाणी निघून जातं. बी तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली नको.

हे पत्र हाती पडेल त्या दिवशी मात्र एक काम करून टाका. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपत राहा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरे. पासष्ट उगवले तर ३० ला ७० नं गुणून ६५ नं भागा, सव्वाबत्तीस किलोच्या आसपास येईल. साठच्या खाली असेल तर ते बी गिरणीला द्या. दोन वर्षांपूर्वी ही तपासणी केली होती का, हे पत्रात लिहिलेलं नाही. सोळा दिवसांच्या खंडानं उगवलेलं वाळतं. मुळात उगवलंच नसेल तर दोष अभ्यासकाचा की बियाण्याचा, हे आता वडिलांनाच विचारा.